साबणाच्या पाण्यात काय चालते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी मागच्या रांगेत बसून चहाच्या कपांचा हिशोब बघत असते. यंदा मला चिटणीसबाईंनी पुढे उभे केले आहे. विषयही असा दिला आहे की घरी सांगितल्यावर सगळे हसले. "काकू, तू शास्त्रावर बोलणार?" असे धाकट्याने विचारले. शिक्षण माझे सातवीपर्यंतचे. पण साबण मी पंचवीस वर्षे रोज हातात धरते आहे, आणि आपल्या मंडळाच्या साबणाच्या वड्या गेली काही वर्षे माझ्या देखरेखीखाली होतात. म्हणून जे मला समजले तेवढेच सांगते. शिवाय या विषयाच्या आधाराने मला एक कर्जही फेडायचे आहे. ते शेवटी.

आपल्याला ठाऊक आहेच की, दिवाळीच्या फराळाचे उरलेले तेल आणि थोडे खोबरेल घेऊन आपण कपड्यांचा साबण करू लागलो. आपल्यापैकी दोन भगिनींचा महिन्याचा किराणा त्या वड्यांवर चालतो. गेल्या मे महिन्यात त्या वड्यांबद्दल तक्रारी आल्या. फेस येत नाही, कपड्यांवर दह्याच्या चोथ्यासारखे पांढरे कण बसतात, बादलीच्या कडेला चिकट थर राहतो. वड्या परत आल्या, पैसे परत द्यावे लागले. बैठक भरली. कोणी म्हणाले, साबणाचा उद्योगच बंद करा.

त्या बैठकीत मी एक वाईट काम केले. कॉस्टिक सोड्याचे माप ज्या भगिनीकडे होते तिला मी सगळ्यांच्या देखत म्हटले, "तुझाच हात चुकला असणार." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कपाटाची किल्ली आणून दिली आणि मंडळात यायचे थांबली.

त्याच सुमारास माझी पुतणी सुट्टीला आली. ती पुण्याला रसायनशास्त्रात पुढचा अभ्यास करते. तिचे काम काय, असे मी दरवेळी विचारायची आणि ती म्हणायची, "काकू, चरबीची आम्ले पाण्यात कशी गोळा होतात ते मी संगणकावर बघते." मला वाटे, हे कसले काम? पाण्यात गोळा होते ते बघायला संगणक कशाला हवा, बादली पुरे. पण त्या दिवशी माझा उतरलेला चेहरा पाहून तिने सगळी हकिगत विचारली आणि हसून म्हणाली, "अगं काकू, तुझा साबण म्हणजे माझाच विषय की!" मग चार-पाच दिवस आमची शिकवणी स्वयंपाकघरात चालली. ती आता आपल्यापुढे मांडते.

प्रथम तेल म्हणजे काय ते पाहू. तेलाचा किंवा तुपाचा एक अगदी बारीक कण, ज्याला रेणू म्हणतात, तो तीन लांब शेपट्यांचा असतो. त्या तीन शेपट्या ग्लिसरीनच्या एका खुंटीला अडकवलेल्या असतात. कॉस्टिक सोडा घातला की खुंटी सुटते आणि शेपट्या मोकळ्या होतात. ही प्रत्येक मोकळी शेपटी म्हणजे एक मेदाम्ल, म्हणजेच चरबीचे आम्ल. सोड्यातला सोडियम त्याच्या डोक्याशी आला की तोच साबण. खोबरेलात बारा कार्बनांची शेपटी सर्वांत जास्त, तिला लॉरिक आम्ल म्हणतात. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल जास्त, त्याची शेपटी अठरा कार्बनांची आणि मध्ये वाकलेली. खोबरेलाच्या साबणाला भसाभस फेस का येतो, याचे एक कारण त्या आखूड शेपटीत आहे.

आपल्याकडे साबणासाठी पूर्वी प्राण्यांची चरबीही वापरली जाई. ते अनेकांना चालत नसे. 1918 च्या सुमारास आर्देशिर गोदरेज यांनी केवळ वनस्पतींच्या तेलाचा साबण बाजारात आणला. त्यांच्या घराण्याचे कारखाने पुढे आपल्या शेजारी विक्रोळीला उभे राहिले. आपण गाडीतून जाताना ते नाव रोज वाचतो, पण त्या साबणाच्या वडीच्या पोटात काय चालते हे मला तरी कधी सुचले नव्हते.

आता साबणाच्या रेणूची गंमत ऐका. त्याचे डोके पाण्यात रमते आणि शेपटी तेलकट. आपण सहज म्हणतो की तेल पाण्याचा द्वेष करते. पुतणी म्हणाली, द्वेष वगैरे काही नसतो. सगळे घडवून आणते ते पाणी.

ते तिने मला असे समजावले. मंगळागौरीला आपण फेर धरतो. प्रत्येकीचा हात दुसरीच्या हातात, आणि हात सारखे बदलत असतात. पाण्याचे रेणू तसेच आहेत, ते एकमेकांचे हात धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. आता या फेरात एखादी बाई हात बांधून मधोमध उभी राहिली तर? तिचा हात कोणालाच धरता येत नाही. मग तिच्या भोवतालच्या बायकांना आपली तोंडे विशिष्ट बाजूला करून, अवघडून नाचावे लागते. त्यांची मोकळीक जाते. अशा दहाजणी फेरात विखरून उभ्या राहिल्या तर दहा ठिकाणी फेर अवघडेल. पण त्या दहाजणींना एका कोपऱ्यात एकत्र उभे केले तर बाकीचा फेर मोकळा होतो. तेलकट शेपट्या पाण्यात एकत्र येतात त्या प्रेमाने नाही. पाण्याला आपला फेर मोकळा हवा असतो म्हणून त्या एका जागी ढकलल्या जातात.

मग प्रश्न असा की, त्या सगळ्या मिळून तेलाचा एकच मोठा तवंग का होत नाही? कारण प्रत्येक शेपटीला डोके आहे. साबणाच्या डोक्यांवर एकाच जातीचा विद्युत्भार असतो, त्यामुळे डोक्यांचे एकमेकांशी पटत नाही, ती दूर दूर राहू पाहतात. शेपट्यांना तर आत लपायचे असते. या दोन ओढींची तडजोड म्हणजे एक लहानसा गोळा. शेपट्या आत, डोकी बाहेर पाण्याकडे. त्याला शास्त्रात मिसेल म्हणतात. मी त्याला पुंजका म्हणते. कपड्यावरचे तेल या पुंजक्याच्या पोटात शिरते आणि पाण्याबरोबर निघून जाते. आपण जेवलेले तूप पचते तेही असेच, पित्त आपल्या आतड्यात असेच पुंजके बांधून स्निग्ध पदार्थ उचलते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. साबण पाण्यात थोडा थोडा टाकत गेलो तर पहिल्यांदा रेणू सुटे राहतात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. एका ठराविक मापापर्यंत पुंजका होत नाही. ते माप ओलांडले की पुंजके बनू लागतात, आणि त्यानंतर घातलेला जवळजवळ सगळा साबण पुंजक्यांतच जातो. टूथपेस्ट आणि शाम्पूत फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट नावाचे द्रव्य घालतात. त्याचे हे माप लिटरला साधारण सव्वादोन ते अडीच ग्रॅम आहे, आणि त्याच्या एका पुंजक्यात साठेक रेणू असतात.

हे पहिल्यांदा कोणी ओळखले, असे मी विचारले. तिने जे सांगितले ते ऐकून मला फार आनंद झाला, कारण ती गोष्ट पुण्यापर्यंत येते. जेम्स विल्यम मॅकबेन नावाचे एक शास्त्रज्ञ होते, जन्माने कॅनडाचे. इंग्लंडात ब्रिस्टलला काम करताना त्यांनी साबणाच्या पाण्यातून वीज वाहवून पाहिली. वीज अपेक्षेहून चांगली वाहत होती. पण पाण्यातले सुटे कण मोजावेत तर ते अपेक्षेहून कमी भरत होते. म्हणजे रेणू हरवले नव्हते, ते घोळक्यात गेले होते. 1913 साली त्यांनी या घोळक्यांना मिसेल हे नाव दिले. त्या काळच्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने भर सभेत "काहीतरीच बोलता, मॅकबेन!" असे म्हणून त्यांना उडवून लावले, असे सांगतात. पुढे त्यांचेच खरे ठरले.

हेच मॅकबेन आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. ती प्रयोगशाळा 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. साबणाच्या पुंजक्याला नाव देणारा माणूस म्हातारपणी आपल्या महाराष्ट्रात राहून काम करून गेला. 1952 पर्यंत ते तिथे होते आणि 1953 मध्ये वारले. त्यांच्यानंतर आलेले संचालक जॉर्ज फिंच हे 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेतले गिर्यारोहक. हे मात्र मी विषय सोडून सांगितले. असो.

आता संगणकाकडे येते. मॅकबेन यांनी पुंजका डोळ्यांनी पाहिला नव्हता, अंदाजाने ओळखला होता. आणि पाहणार तरी कसा? आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा हजारांहून अधिक पुंजके एका रांगेत बसतील. शिवाय पुंजका एका जागी स्वस्थ नसतो. काही साबणांत एखादा रेणू सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकाच वेळ आत थांबतो, मग बाहेर पडतो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. इतके बारीक आणि इतके चपळ! म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. रेणू जसे वागतात ते नियम संगणकाला शिकवायचे आणि त्याच्याकडून पाण्याचा एक थेंबुकला मांडून घ्यायचा.

काम असे चालते. संगणकात एक डबा कल्पायचा. त्यात पाण्याचे काही हजार रेणू आणि मेदाम्लाचे काही रेणू वाटेल तसे विखरून ठेवायचे. मग प्रत्येक अणूला बाकीचे अणू किती ओढतात, किती ढकलतात, याचा हिशोब करायचा. त्या ओढीने तो अणू पुढच्या क्षणी किती सरकेल ते काढायचे. सगळ्यांना तेवढे सरकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून हिशोब. जसे सिनेमात एकापुढे एक चित्रे लावतात तसेच. फक्त दोन चित्रांमधला वेळ फार लहान. एका सेकंदाचे दहा कोटी कोटी भाग केले, तर त्यातले एक किंवा दोन भाग. सेकंदाचा दहा लाखावा भाग एवढाच काळ बघायचा असेल तर सुमारे 50 कोटी वेळा तो हिशोब करावा लागतो. आपण वाणसामानाची यादी दोनदा बेरीज करून कंटाळतो!

या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत हैदराबादला जन्मलेले अनीसुर रहमान यांचे नाव घेतात. 1964 साली अमेरिकेत त्यांनी आर्गॉन नावाच्या वायूचा द्रव करून, त्यातले 864 अणू संगणकात हालवून दाखवले. ज्या जातीचे यंत्र त्यांनी वापरले त्याच जातीचे यंत्र त्याच वर्षी आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही आले होते. 1971 मध्ये रहमान आणि स्टिलिंजर या दोघांनी पाण्याचे 216 रेणू असेच मांडले. पुढे 1986 साली खोबरेलातल्या एका आखूड मेदाम्लाच्या साबणाचा पुंजका पाण्यासकट संगणकात मांडला गेला. आपल्या महाराष्ट्रात पुण्याच्या सीडॅकने 1991 मध्ये परम हा महासंगणक तयार केला. असल्या हिशोबांसाठी अशीच मोठी यंत्रे लागतात. आणि 2013 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कार्प्लस, लेविट आणि वॉर्शेल या तिघांना रेणूंचे वागणे संगणकावर मांडण्याच्या पद्धतीबद्दलच मिळाले.

तरी यंत्र कितीही मोठे असले तरी ते दमतेच. मग एक युक्ती करतात. सुटा सुटा अणू न मोजता साधारण चार-चार अणूंचे एक गाठोडे बांधतात. पाण्याच्याही चार रेणूंचा एक मणी. बारकावा जातो, पण काम पुष्कळ पटींनी लवकर होते. मोठी रांगोळी काढताना आपण ठिपके लांब लांब टाकतो तसेच. मात्र पुतणी म्हणाली, "संगणक सांगतो ते खरे मानायचे नाही, काकू. त्याला आपण जे नियम शिकवले तेवढेच त्याला येते. म्हणून प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहावेच लागते." हे वाक्य माझ्या मनात राहिले. त्याचे कारण पुढे येईल.

तिने मला तिच्या लॅपटॉपवर तो खेळ दाखवला. सुरुवातीला शेपट्या सगळीकडे विखुरलेल्या. मग दोन जवळ आल्या, तिसरी चिकटली, मग पाच-सहांचा घोळका. दोन घोळके मिळून एक झाला. कोणी हाक मारली नाही, कोणी ओळीत लावले नाही. शेवटी डब्याच्या मध्यावर एक गोळा तरंगत राहिला. पुस्तकात पुंजक्याचे चित्र सूर्यफुलासारखे असते, सगळ्या शेपट्या सरळ आणि मध्याकडे तोंड करून. संगणकात दिसला तो तसा नव्हता. शेपट्या वाकड्यातिकड्या, कोणी आडवी, कोणाचे टोक चक्क बाहेर डोकावते आहे. आत मात्र कोरडे, पाणी शिरलेले नाही. मी म्हटले, "हे तर आमच्या मंडळाच्या बैठकीसारखे दिसते." तिला ते फार आवडले.

मग तिने मला एक घरगुती प्रयोग करायला लावला. तुम्हीही करा. साध्या साबणाचे पाणी एका भांड्यात घ्या, डिटर्जंट पावडर नको. त्यात लिंबू पिळा. फेस मरतो, पाणी दुधासारखे होते आणि वर तेलकट साय धरते. लिंबाच्या आंबटाने डोक्यांवरचा विद्युत्भार नाहीसा होतो. मग डोक्यांचे भांडण राहत नाही, सगळे एकत्र होतात आणि पुंजका मोडून चरबी वेगळी पडते. पण याच्या अधेमध्ये एक जागा अशी असते की अर्ध्या डोक्यांवर भार आहे आणि अर्ध्यांवर नाही. तिथे डोकी जवळ जवळ बसू शकतात आणि गोळ्याऐवजी दुहेरी पापुद्रा तयार होतो, चटईवर चटई अंथरल्यासारखा. तो पापुद्रा वळून बंद होतो आणि आत पाण्याचा थेंब कोंडला जातो. 1973 साली गेबिकी आणि हिक्स यांनी ओलेइक आम्लाच्या अशा पिशव्या प्रथम दाखवल्या.

त्या पिशवीला एवढे महत्त्व का? कारण आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी अशाच जातीच्या दुहेरी स्निग्ध पापुद्र्यात गुंडाळलेली आहे. 1969 मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे एक उल्का पडली. 1985 साली डेव्हिड डीमर यांनी दाखवले की तिच्यातून काढलेल्या स्निग्ध द्रव्यांच्याही पाण्यात अशा पिशव्या होतात. म्हणून काही शास्त्रज्ञ असा विचार करतात की पृथ्वीवरच्या पहिल्यावहिल्या जिवाची कातडी मेदाम्लांचीच असेल. आपली पुतणी ज्याचा अभ्यास करते तो हाच भाग, गोळा केव्हा होतो आणि पिशवी केव्हा होते. आणि 2020 च्या साथीत आपण वीस वीस सेकंद हात धूत होतो ते का, तेही मला तेव्हा कळले. त्या विषाणूचे वरचे आवरण स्निग्ध होते, साबणाच्या शेपट्या त्यात घुसून ते फोडत होत्या.

आता पुन्हा आपल्या वड्यांकडे. सगळे शिकवून झाल्यावर पुतणीने मला एकच प्रश्न विचारला. "काकू, तक्रारी कोणत्या घरांतून आल्या?" मी वही काढली. सात तक्रारी, आणि सातही शेजारच्या दोनच इमारतींतल्या. माझ्या डोळ्यांसमोर ती वही महिनाभर होती, पण मी तसे पाहिलेच नव्हते. त्या इमारतींत मे महिन्यात नळाचे पाणी पुरेना म्हणून बोअरिंगचे पाणी वापराला सोडले होते.

आपल्या नळाला येणारे पाणी तलावांचे, भांडुपला शुद्ध होऊन येते. ते साबणाला गोड आहे. बोअरिंगच्या पाण्यात जमिनीतले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरलेले असते. अशा पाण्याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन म्हणतात. त्यात डाळ लवकर शिजत नाही हे आपल्याला पुस्तकाशिवाय माहीत आहे. कॅल्शियमचा एक कण साबणाच्या दोन डोक्यांना एकदम पकडतो. पकडलेली डोकी पाण्यात रमेनाशी होतात, दोन्ही शेपट्यांसकट खाली बसतात. तोच तो दह्याचा चोथा. जोवर कॅल्शियम शिल्लक आहे तोवर घातलेला साबण असा खर्ची पडतो आणि पुंजका होण्याचे माप गाठलेच जात नाही.

आम्ही लगेच जॅमच्या तीन बाटल्या मांडल्या. एकीत नळाचे पाणी, दुसरीत त्या इमारतीतून आणलेले बोअरिंगचे पाणी, तिसरीत तेच पाणी पण चिमूटभर धुण्याचा सोडा घालून थोडा वेळ ठेवलेले. तिन्हींत वडीचा सारखाच कीस आणि प्रत्येकीला मोजून दहा हिसके. पहिलीत फेस बूचभर. दुसरीत चोथा. तिसरीत पुन्हा फेस. मग बाजारातली चांगली महाग वडी किसून तीच परीक्षा घेतली. तिनेही बोअरिंगच्या पाण्यात मान टाकली. म्हणजे आपली वडी निर्दोष होती. आणि सोड्याचे माप घेणारा हातही निर्दोष होता.

मी त्या संध्याकाळी तीन बाटल्या पिशवीत घालून त्या भगिनीच्या घरी गेले. तिच्यासमोर पुन्हा हिसके दिले. ती बराच वेळ बाटल्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी रोज रात्री मनात मापे आठवत होते. कुठे चुकले तेच सापडेना." भगिनींनो, त्या वाक्याने मला जी शिक्षा झाली ती पुरेशी आहे. बैठकीत मी जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून क्षमाही सगळ्यांसमोर मागायला हवी. तिची परवानगी घेऊनच आज बोलते आहे. ती इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे. बाई, माझे चुकले. मला क्षमा कर. हेच ते कर्ज. कपाटाची किल्ली तिने पुन्हा घेतली आहे, हेही सांगते.

त्यानंतर आपण काय बदलले ते थोडक्यात सांगते. वडीबरोबर आता एक चिठ्ठी जाते. बोअरिंगचे किंवा टँकरचे पाणी असेल तर बादलीला एक चमचा धुण्याचा सोडा आधी घालावा, हलवून पाच-दहा मिनिटे ठेवावे, मग साबण लावावा. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना सोडा वापरू नये. आपण तेलात खोबरेलाचा वाटाही थोडा वाढवला. आणि एक विनंती, पावडर असो की साबण, फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त हा समज सोडा. कपड्यांवर तेलकटपणा फार असेल तर जास्त पुंजके लागतात, ते खरे. पण घामाच्या साध्या कपड्यांना माप पुरे झाल्यावर वर घातलेली पावडर नुसती खळबळायला पाणी मागते, हाताची सालपटे काढते आणि पैसेही नेते. मे महिन्यात पाण्याची एक एक बादली आपल्याला कशी मिळते हे मी तुम्हाला सांगायला नको.

इतके सगळे ऐकून कोणी म्हणेल, साबणाच्या रेणूंपासून आपण एकी शिकावी. मला तसा बोध काढायचा मोह झाला होता. पण पुतणी म्हणाली ते खरे आहे, ते रेणू एकीसाठी एकत्र येत नाहीत. मी दुसरा बोध घेतला. एवढे मोठमोठे शास्त्रज्ञ कोट्यवधी हिशोब करून झाल्यावरही प्रयोगाशी ताडून पाहतात, तोवर बोलत नाहीत. आणि मी वही न उघडता, एक बाटलीही न हलवता, एका भगिनीवर ठपका ठेवला. सातवी शिकले म्हणून ते झाले नाही. तीन बाटल्या हलवायला शिक्षण लागत नाही, विचारण्याची तयारी लागते.

यापुढे आपल्या मंडळात काही बिघडले तर आधी वही उघडू, आधी बाटली हलवू, मग बोलू. एवढे ठरले तरी माझे आजचे भाषण सार्थकी लागले असे मी समजेन.

 दारापाशी त्या तीन बाटल्या ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकीने एकदा हलवून पाहा.